रॅकमध्ये जागा होती, वीज नव्हती: सहकारी बँकांचा पेमेंट स्विच आर्म सर्व्हरवर नेला त्याची केस

पुण्यातली एक मध्यम साइजची कंपनी आहे, नाव नको, ती नागरी सहकारी बँकांना पेमेंटचा स्विच, म्हणजे बँक आणि बाहेरच्या नेटवर्कमध्ये व्यवहारांचे मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर, चालवून देते. छोट्या बँकांना स्वतःचा एटीएम स्विच, आयएमपीएस, यूपीआय हे सगळं उभं करणं परवडत नाही, माणसं टिकत नाहीत, ऑडिट झेपत नाही, मग ते काम अशा कंपनीकडे येतं आणि एकाच सेटअपवर अनेक बँका चालतात. कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांची मूळ सिस्टीम (सीबीएस), बँकेचं, आणि एनपीसीआयची, म्हणजे यूपीआय-आयएमपीएस चालवणाऱ्या संस्थेची, लाइन कंपनीमार्गे. मी या कामात इन्फ्रा टीमकडून होतो. आर्म सर्व्हरबद्दल, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या एक्स८६ ऐवजी मोबाइलमध्ये असतात त्या आर्म जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या सर्व्हरबद्दल, जे वाचायला मिळतं ते एकतर विकणाऱ्यांचं असतं नाहीतर वेबसाइट हलवणाऱ्यांचं, पेमेंटमध्ये जिथे अडतं ते त्यात येतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सेटअप नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यातल्या एका कोलोकेशन डेटा सेंटरमध्ये, म्हणजे जागा आणि वीज त्यांची, मशीन आपली. डीआर (संकटकाळासाठीचा जोड सेटअप) हैदराबादला. कोलोमध्ये रॅक भाड्याने घेतला की खरा करार विजेचा असतो. रॅक ४२ यूचा (यू म्हणजे उंचीचा एक खण), पण रॅकमागे सहा किलोवॅट. ए आणि बी असे दोन फीड असतात, नवीन माणसाला वाटतं चला बारा झाले, पण एक फीड गेला तर दुसऱ्याला सगळा लोड उचलायचाय म्हणून हिशोब सहाचाच. आमचे सर्व्हर २०१७-१८ च्या पिढीचे, टू यू, दोन सॉकेट (म्हणजे दोन प्रोसेसर), इंटेलचे झिऑन गोल्ड ६१४८. लोडवर एकेक मशीन अर्ध्या किलोवॅटच्या आसपास खायचं, म्हणजे डझनभर मशीन लावली की रॅक विजेने भरला आणि वर एवढी मोठी जागा रिकामी, नुसती ब्लँकिंग पॅनल लावून बंद केलेली. त्या हॉलमध्ये नवा रॅक मिळत नव्हता. दुसऱ्या हॉलमध्ये मिळाला असता, पण मग तिथे वेगळा केज (जाळीने बंद केलेली जागा), वेगळे कॅमेरे, वेगळं अॅक्सेस रजिस्टर, क्रॉस कनेक्टचे (दोन्हीकडच्या मशीन जोडणाऱ्या केबलचे) पैसे, आणि पीसीआयच्या (कार्ड व्यवहारांच्या सुरक्षा नियमांच्या) ऑडिटमध्ये अजून एक जागा.

दुसऱ्या बाजूने लोड काय थांबत नव्हता. यूपीआय सुरू झालं एप्रिल २०१६ मध्ये, ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १००० कोटी व्यवहारांचा आकडा पहिल्यांदा ओलांडला, ऑगस्ट २०२५ मध्ये २००० कोटी. सहकारी बँकांचे खातेदार यात मागे आहेत असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तालुक्याच्या आठवडी बाजारात जाऊन यावं. आणि उत्पन्न? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर एमडीआर (व्यापाऱ्याकडून व्यवहारामागे घ्यायचं शुल्क) शून्य. म्हणजे व्यवहार वाढले की खर्च वाढतो, पैसे त्या प्रमाणात येत नाहीत. मॅनेजमेंटसमोर आम्ही कार्बनचा शब्द काढलाच नाही, एका हजार व्यवहारांमागे किती युनिट जातात एवढंच मांडलं, आणि ते लगेच कळलं.

क्लाउडचा पर्याय निघाला होता. एचएसएम (पिन आणि एन्क्रिप्शनच्या चाव्या सांभाळणारी बंद पेटी), एनपीसीआयच्या लिंक, बँकांच्या लीज लाइन सगळं केजमध्ये, ते तिथेच ठेवून अॅप तेवढं बाहेर नेणं म्हणजे प्रत्येक मेसेजला जाऊन-येऊन. बाजूला ठेवला. मग दोनच गोष्टी उरल्या, नव्या पिढीचं एक्स८६ किंवा आर्म.

आर्मचं असं की तोवर ते ऑन-प्रेम, म्हणजे स्वतःची मशीन ठेवणाऱ्या, माणसाला विकत मिळण्यासारखं झालं होतं. अॅमेझॉनचा ग्रॅव्हिटॉन २०१८ पासून आहे पण तो फक्त त्यांच्या क्लाउडमध्ये. अँपिअर कंपनीचा आल्ट्रा २०२० मध्ये आला, ८० कोअरचा, नंतर १२८ कोअरचा आल्ट्रा मॅक्स, आणि २०२२ मध्ये एचपीईनेही त्यावर वन यू सर्व्हर आणला, तेव्हा मग पर्चेस डिपार्टमेंटनेही फाइल उघडून बघितली. कागदावरचा हिशोब साधा: आल्ट्रा क्यू८०-३० म्हणजे ८० कोअर, ३ गिगाहर्ट्झ, टीडीपी (चिपची ठरवलेली वीज-मर्यादा) २१० वॅट. आमच्या जुन्या मशीनमध्ये २० कोअरचे दोन, प्रत्येकी १५० वॅट, म्हणजे ४० कोअरला ३०० वॅट. कोअरमागे साडेसात वॅटवरून २.६ वॅट. ऐकायला भारी वाटतं, पण यात एक गंमत आहे जी प्रेझेंटेशनमध्ये कुणी सांगत नाही, जुना चिप १४ नॅनोमीटरवर (आकडा लहान तितकी बनावट बारीक आणि वीज कमी) २०१७ चा आणि नवा ७ नॅनोमीटरवर २०२० चा, म्हणजे यातलं बरंचसं श्रेय आर्मचं नसून कारखान्याचं. तुलना नव्या एक्स८६ बरोबरच करायला हवी होती आणि आम्ही ट्रायलसाठी दोन्ही मशीन मागवली.

मशीन यायच्या आधी एक काम केलं ते माझ्या मते पूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात उपयोगी काम. सीपीयू नक्की जातो कुठे ते बघितलं. पेमेंट म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी मोठं गणित चाललंय. कसलं काय. यूपीआयच्या एका व्यवहारात बरेच मेसेज इकडून तिकडे जातात, प्रत्येक मेसेज एक्सएमएल आणि प्रत्येकावर डिजिटल सही. म्हणजे एक्सएमएल पार्स करा, सही तपासा, दोन-चार नियम लावा, डेटाबेसमध्ये एक ओळ, बँकेच्या सीबीएसला कॉल, थांबा, उत्तर आलं की परत एक्सएमएल बनवा, सही करा, पाठवा, आणि या सगळ्याचा लॉग लिहा. पिनचं काम तर एचएसएमच करतो, आपल्या सीपीयूकडे ते येतच नाही. प्रोफाइलमध्ये सगळ्यात वर टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन), आरएसए (डिजिटल सहीचं गणित), एक्सएमएल आणि जावाचा गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी साफ करणारा). बिझनेस लॉजिक म्हणून जे आम्ही मिटिंगमध्ये तासन्‌तास चर्चिलं ते शोधावं लागत होतं.

एका बँकेचं मिडलवेअर तर दर रिक्वेस्टला नवीन टीएलएस कनेक्शन उघडत होतं. ते कीप-अलाइव्हवर, म्हणजे एकच कनेक्शन उघडं ठेवण्यावर, आणल्यावर जुन्याच सर्व्हरवरचा लोड दिसण्याइतका उतरला. जावा ८ वरून १७ वर गेलो तेव्हाही तसंच झालं. हे दोन्ही बदल मुद्दाम आधी जुन्या झिऑनवर केले आणि मगच आकडे धरले, नाहीतर ही सगळी बचत आर्मच्या खात्यात जमा झाली असती आणि वेंडर केस स्टडी छापून मोकळा झाला असता.

हजारो छोटी, एकमेकांशी संबंध नसलेली कामं, त्यातली बहुतेक कुणाची तरी वाट बघत उभी. अशा कामाला खूप सारे मध्यम ताकदीचे कोअर चालतात, एक दांडगा कोअर नको असतो.

यातच एक मुद्दा आहे जो मला वॅटच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. झिऑनमध्ये हायपरथ्रेडिंग, म्हणजे ४० कोअर पण ऑपरेटिंग सिस्टीमला ८० दिसतात. मॉनिटरिंगवर ५० टक्के दिसतं तेव्हा वाटतं अजून निम्मं शिल्लक आहे, प्रत्यक्षात जवळजवळ सगळे खरे कोअर कामाला लागलेले असू शकतात आणि त्याच्या पुढे प्रत्येक नवीन थ्रेड (कामाचा धागा) दुसऱ्याचा घास काढून खातो. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मशीन चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देत नव्हतो, त्याच्या वर गेलं की सरासरी वेळ ठीक दिसायची पण शंभरातल्या शेवटच्या एका व्यवहाराला लागणारा वेळ एकदम उडी मारायचा. आल्ट्रामध्ये एका कोअरला एकच थ्रेड, क्लॉकही बऱ्यापैकी स्थिर. साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत लेटन्सीची रेघ सपाट राहिली. आता विचार करा, मशीन चाळीसला थांबवायचं का सत्तरला यावर एकूण मशीन किती लागतात ते ठरतं, आणि जे मशीन लागलंच नाही त्याच्याइतकी वीज कुठलाही प्रोसेसर वाचवत नाही. एनपीसीआयने ऑगस्ट २०२५ पासून सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९:३० हा पीक मानून ऑटोपे त्याच्या बाहेर ढकलायला लावलं, त्याआधी जूनमध्ये पे रिक्वेस्टच्या उत्तराची वेळ ३० सेकंदांवरून १५ वर आणली. म्हणजे शेवटच्या एका टक्क्याचं दुखणं आता पूर्वीपेक्षा जास्त लागतं.

इथपर्यंत सगळं छान. आता अडचणी.

कंपनीत दोन वेगळी जगं आहेत. यूपीआयचं अॅप जावात, तुलनेने नवं. एटीएम आणि आयएमपीएसचा स्विच सी मध्ये, जुना, त्यातले काही लिहिणारे रिटायर झालेत. जावावाले म्हणाले आमचं काय, जावा कुठेही चालतं. बहुतेक चाललंही, काही जुन्या जारच्या (जावाच्या तयार पॅकेजच्या) पोटात फक्त एक्स८६ची नेटिव्ह लायब्ररी होती, कॉम्प्रेशनची वगैरे, ती व्हर्जन बदलल्यावर मिटलं. सी चा स्विच मात्र कंपाइल झाला, उठला, आणि समोरच्या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरशी साइन-ऑनच (सुरुवातीची जोडणी) होईना.

हे जरा खोलात सांगतो कारण आयएसओ ८५८३ वर, म्हणजे कार्ड-एटीएमच्या मेसेजच्या ठरलेल्या फॉरमॅटवर, काम करणाऱ्या कुणालाही हे भेटू शकतं. या मेसेजमध्ये सुरुवातीला ८ बाइटचा बिटमॅप असतो, कुठली फील्ड आहेत ते सांगणारा. त्याचा पहिला बिट १ असेल तर पुढे अजून एक ८ बाइटचा बिटमॅप आहे, फील्ड ६५ ते १२८ साठी. आता हा पहिला बिट तपासायचा कसा? सरळ माणूस मास्क लावून, म्हणजे तेवढाच बिट वेगळा काढून, तपासेल. कोडमध्ये मात्र लिहिलं होतं, पहिला बाइट शून्यापेक्षा लहान आहे का. एक्स८६वर सी भाषेतला चार (char) हा टाइप साइन्ड, म्हणजे उणे आकडेही असणारा, धरला जातो, वरचा बिट १ म्हणजे आकडा निगेटिव्ह, बरोबर चालतं, वर्षानुवर्षं चाललं. आर्मवर लिनक्समध्ये जीसीसी कंपायलर तोच टाइप अनसाइन्ड धरतो. अनसाइन्ड आकडा शून्यापेक्षा लहान कधीच नसतो. म्हणजे दुसरा बिटमॅप आहे हे कोडला कधी कळणारच नाही, आणि त्याचे ८ बाइट तो पुढच्या फील्डचा डेटा म्हणून वाचणार. फॉरमॅट एरर.

नशीब एवढंच की साइन-ऑनच्या ०८०० मेसेजमध्ये फील्ड ७० लागतं, ते दुसऱ्या बिटमॅपमधलं, म्हणून पहिल्याच पायरीला तोंडावर आपटलो. साधे बॅलन्स आणि विड्रॉअलचे मेसेज बरेचदा पहिल्या बिटमॅपमध्येच भागतात. साइन-ऑनचा कोड वेगळ्या फाइलमध्ये असता तर टेस्टिंग मस्त हिरवं दिसलं असतं आणि फुटलं कुठे असतं, तर रिव्हर्सलमध्ये. रिव्हर्सलमध्ये मूळ व्यवहाराचा तपशील फील्ड ९० मध्ये येतो. एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून गेले, आणि परत करायचा मेसेज स्विचला वाचता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या सर्क्युलरप्रमाणे एटीएमच्या अशा केसमध्ये टी प्लस ५, म्हणजे व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत पैसे परत, नाहीतर दिवसाला १०० रुपये खातेदाराला. पैशाचं एक वेळ जाऊ दे, ब्रँच मॅनेजरचे फोन कोण घेणार.

कंपायलरला साइन्ड चारचा फ्लॅग देऊन हे एका ओळीत मिटतं. आम्ही फ्लॅगही दिला आणि कोडही दुरुस्त केला, कारण फ्लॅग उद्या कुणीतरी मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) साफ करताना काढून टाकतो. आणि जीसीसीने वॉर्निंग दिलेली होती हो, ही तुलना कायम खोटीच येणार असं स्पष्ट सांगणारी, शेकडो वॉर्निंगच्या ढिगात. त्यानंतर आर्म बिल्डमध्ये या प्रकारच्या वॉर्निंगला एरर केलं.

दुसरा बग जास्त वाईट होता. स्विचमध्ये एक थ्रेड नेटवर्कवरून मेसेज वाचून रिंग बफरमध्ये (मेमरीतल्या गोल रांगेत) टाकतो, दुसरा उचलतो, मध्ये एक व्होलटाइल फ्लॅग, डेटा तयार आहे म्हणून. एक्स८६चा मेमरी मॉडेल कडक आहे, एका कोअरने आधी डेटा लिहिला मग फ्लॅग लिहिला तर दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतं. आर्मवर ही हमी नाही. फ्लॅग आधी दिसू शकतो, डेटा मागून. व्होलटाइल कंपायलरला आवरतं, प्रोसेसरला नाही. परिणाम असा की पूर्ण लोडवर, रात्रभर चालवल्यावर, एखाद्या वेळी कामगार थ्रेड आधीच्या मेसेजचा उरलेला तुकडा उचलायचा. पेमेंट स्विचमध्ये याचा अर्थ काय ते सांगायला नको. सिम्युलेटर प्रत्येक रिक्वेस्टचा ट्रेस नंबर आणि रक्कम उत्तराशी जुळवून बघत होता म्हणून सापडलं, नुसतं रिस्पॉन्स कोड ०० मोजत बसलो असतो तर सापडलं नसतं.

थ्रेड सॅनिटायझर (अशा चुका शोधणारं टूल) लावला, त्याने ही जागा दाखवलीच, शिवाय अजून काही जागा दाखवल्या ज्या एक्स८६वरही तत्त्वतः चुकीच्याच होत्या. सगळीकडे सी ११ चे अॅटॉमिक, अॅक्वायर आणि रिलीज घातले, म्हणजे प्रोसेसरलाही क्रम पाळायला लावणारे. हे काम पूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं निघालं, आणि हे बजेटमध्ये नव्हतं. कुणी आर्मवर जायचा विचार करत असेल आणि घरात मल्टीथ्रेडेड सी असेल तर सर्व्हरच्या किमतीच्या आधी या कामाचा अंदाज घ्या. जावाची गोष्ट वेगळी, तिथे भाषेचाच मेमरी मॉडेल आहे, तरी पण तिथेही आळशी सिंगलटन (गरज पडेल तेव्हाच तयार होणारा सामायिक ऑब्जेक्ट) वगैरे प्रकार तपासून घेतले.

आरएसएकडे आता. आल्ट्राच्या आत निओव्हर्स एन१ कोअर आहे आणि त्याचं ६४ बिटचं मोठं गुणाकार तुलनेने हळू चालतं. आरएसएची सही म्हणजे दुसरं काय, मोठमोठे गुणाकार. एईएस (एन्क्रिप्शन), शा (हॅश) याला खास इन्स्ट्रक्शन आहेत, ते पळतं. सही तपासणंही स्वस्त असतं. सही करणं महाग, आणि आमच्याकडे तर जाणाऱ्या प्रत्येक मेसेजवर सही. पहिल्या ट्रायलमध्ये बाकी सगळीकडे चांगला दिसणारा आल्ट्रा याच ठिकाणी नव्या झिऑनच्या मागे पडला, चांगलाच. ईसीडीएसएवर (सहीच्या दुसऱ्या, हलक्या पद्धतीवर) जा असं सुचवणारे लगेच भेटतात, पण समोरच्याने ठरवलेला फॉरमॅट आहे, तुम्हाला आवडतं म्हणून एनपीसीआय बदलत नाही.

इथे अॅमेझॉनची ओपन सोर्स लायब्ररी एडब्ल्यूएस-एलसी उपयोगी पडली. ग्रॅव्हिटॉन २ मध्येही हाच एन१ कोअर, त्यामुळे त्यांचं दुखणं आणि आमचं दुखणं एक. त्यांनी गुणाकाराचा काही भाग व्हेक्टर युनिटकडे वळवून आरएसए सहीचा वेग की-साइजप्रमाणे ३३ ते ९४ टक्के वाढवला आणि वर तो कोड गणिताने सिद्ध करून दिला. जावाला ती जोडायला त्यांचाच क्रिप्टो प्रोव्हायडर मिळतो. तो लावल्यावर आल्ट्रा सहीमध्ये पुढे गेला नाही, पण अंतर इतकं कमी झालं की एकूण व्यवहाराच्या हिशोबात ते बोचेना. मात्र पेमेंटमध्ये क्रिप्टो लायब्ररी बदलणं म्हणजे नुसती जार बदलणं नाही, सिक्युरिटी टीमची मंजुरी, चेंज रिक्वेस्ट, पुन्हा व्हीएपीटी (सुरक्षेची चाचणी). पुढे निओव्हर्स व्ही१ वरचा ग्रॅव्हिटॉन ३ आला त्यात अॅमेझॉनच्याच सांगण्याप्रमाणे क्रिप्टो दुपटीपर्यंत वेगवान झालं. तो चिप बाहेर विकत मिळत नाही ना, नाहीतर.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. रेड हॅट ८ मध्ये आर्मवर मेमरी पेज ६४ केबीचं असतं, एक्स८६वर ४ केबी. आमचा रेडिस (मेमरीतला डेटा स्टोअर) दुसरीकडे बिल्ड केलेला, आत जेमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) ४ केबी धरून बसलेला, सुरूच होईना, पेज साइज चालत नाही म्हणे. रेड हॅट ९ मध्ये डिफॉल्ट परत ४ केबी आहे, तिकडेच गेलो. डेटाबेस हलवलाच नाही, तो एक्स८६वर, त्याचं लायसन्स, सपोर्ट, क्लस्टर सगळं तिकडचं. फाइल इंटिग्रिटी मॉनिटरिंगचा (फाइल कुणी बदलली का ते बघणारा) एजंट, जो पीसीआयला लागतोच, त्याची आर्म आवृत्ती वेंडरकडे नव्हती, टूलच बदलावं लागलं. ऑडिटरने मात्र अपेक्षेपेक्षा कमी त्रास दिला. प्रोसेसर कुठला याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, हार्डनिंगचं डॉक्युमेंट, पॅचिंग आणि लॉग एवढं दाखवा म्हणाला.

एचएसएमची गोष्ट मात्र किरकोळ नाही. आमच्याकडे दोन प्रकारचे. पिन आणि मॅकसाठी (मेसेज मध्ये बदललेला नाही हे दाखवणाऱ्या कोडसाठी) पेमेंट एचएसएम, त्याच्याशी बोलायचं ते टीसीपीवर, ठरलेल्या कमांड पाठवायच्या, त्याला तुमचा प्रोसेसर आर्म आहे का आणखी काय, काही फरक पडत नाही. दुसरा जनरल पर्पज एचएसएम, खात्यांची माहिती एन्क्रिप्ट करणाऱ्या मास्टर चाव्या त्यात. त्याच्याशी पीकेसीएस ११ या प्रमाणाच्या लायब्ररीतून बोलायचं आणि ती लायब्ररी वेंडर देतो, बंद बायनरी, फक्त एक्स८६. रोडमॅपवर आहे असं उत्तर आलं. मग दोन छोटी एक्स८६ मशीन फक्त चाव्यांसाठी ठेवली, त्यावर एक लहान सर्व्हिस, आर्मवरचं अॅप तिच्याकडून डेटा-की उघडून घेतं आणि थोडा वेळ मेमरीत ठेवतं. एक हॉप वाढला, मॉनिटर करायला अजून एक गोष्ट आली. सुरक्षेच्या बाजूने बघितलं तर उलट बरं झालं, एचएसएमला हात लावणारी मशीन आता मोजकीच, पण हे आम्ही हौसेने केलेलं डिझाइन नाही, लायब्ररी नव्हती म्हणून झालेलं आहे.

लाइव्ह नेताना मोठी तारीख ठरवून एका रात्रीत वगैरे काही केलं नाही. लोड बॅलन्सरच्या (व्यवहार सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्याच्या) मागे जुने आणि नवे दोन्ही सर्व्हर, एकाच कोडचे दोन बिल्ड, आणि पहिल्यांदा एक अशी बँक जिचे व्यवहार कमी आणि आयटी मॅनेजर फोन उचलणारा. यूपीआय आधी, एटीएम सगळ्यात शेवटी. प्रत्येक सेटलमेंट सायकलला एनपीसीआयची फाइल आणि आमची नोंद जुळवायची, आर्मवरून गेलेले व्यवहार वेगळे काढून. महिन्याचे पहिले चार-पाच दिवस, पगार आणि ईएमआयचे, त्यात काही हलवायचं नाही. दिवाळी मध्ये आली तेव्हा पूर्ण थांबलो, जे तिकडे गेलंय ते तिकडे, जे इकडे आहे ते इकडे. दोन्ही बाजू एकाच वेळी जिवंत असल्याने मागे येणं म्हणजे लोड बॅलन्सरवर वजन बदलणं एवढंच होतं, आणि ते एकदोनदा बदललंही, प्रत्येक वेळी कारण नेटवर्कचं निघालं.

विजेचं मोजमाप रॅकच्या पीडीयूवरून (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीवरून) केलं, सर्व्हरच्या स्वतःच्या सेन्सरवरून नाही, कारण बिल पीडीयूप्रमाणे येतं. त्यात जे दिसलं ते तीन टप्प्यांत सांगावं लागेल. अॅप सर्व्हर पुरतं बघितलं तर तेवढ्याच व्यवहारांना लागणारी वीज निम्म्याच्याही खाली आली, अर्थात जुन्या झिऑनच्या तुलनेत. त्याच ट्रायलमधल्या नव्या एक्स८६ बरोबर ठेवलं तर फरक आहे पण तो मिटिंगमध्ये टाळ्या मिळवण्यासारखा नाही. आणि पूर्ण केज धरला तर अजून कमी, कारण डेटाबेस, स्टोरेज, एचएसएम, फायरवॉल, स्विच हे सगळं जसंच्या तसं वीज खातंय. वर कूलिंगचा वाटा डेटा सेंटर आपल्या गुणकाने लावतंच, त्यामुळे रॅकमध्ये वाचलेलं एक युनिट बिलात एकापेक्षा जास्त दिसतं, तेवढा आनंद.

मधल्या काळात तर वीज वाढली होती. जुनी मशीन बंद कोण करणार? असू दे, दिवाळी होऊ दे, ऑडिट होऊ दे, बँकेचं मार्च एंडिंग होऊ दे. रिकामं चालणारं मशीनही पंखे, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड यांना वीज देतच राहतं, काम असो नसो. शेवटी बंद करायच्या मशीनची यादी आणि तारखा चेंज बोर्डात लावल्या, सीएफओंची सही घेऊन, तेव्हा पहिला सर्व्हर निघाला. ज्या कंपन्या आर्मवर गेलो, बिल कमी झालं नाही म्हणतात त्यांनी आधी आपल्या रॅकमध्ये अजून काय काय चालू आहे ते जाऊन बघावं. रात्री दोन ते पाचच्या मध्ये व्यवहार जवळजवळ नसतात, तेव्हा अॅप सर्व्हर झोपवता येतील का असा विषय निघाला होता. स्विचच्या बाबतीत ऑपरेशन्सने साफ नकार दिला, पहाटे पाचला दूधवाल्यापासून सुरुवात होते आणि तेव्हा मशीन उठलं नाही तर काय, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. रिपोर्ट आणि रिकन्सिलिएशनच्या बॅच मात्र याच वेळेत, याच मशीनवर आणल्या, त्यासाठी वेगळे असलेले सर्व्हर गेले.

रॅकमध्ये आता विजेला जागा झाली आणि नवीन केज टळला, जे मूळ मागणं होतं. पुढच्या खरेदीची फाइल सध्या टेबलावर आहे आणि त्यात मी आर्मचं नाव पहिल्या नंबरवर लिहिलेलं नाही. २०२३ मध्ये एएमडीने १२८ कोअरचा बर्गामो आणला, २०२४ मध्ये इंटेलने १४४ छोट्या कोअरचा सिएरा फॉरेस्ट, त्यात तर हायपरथ्रेडिंगही नाही. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही आर्मकडे गेलो, एक कोअर एक थ्रेड आणि वॅटमागे जास्त काम, तो आता एक्स८६मध्येही मिळतो, char टाइप, मेमरी मॉडेल, पीकेसीएस ११ कशालाही हात न लावता. आज शून्यापासून सुरुवात करणाऱ्या, जुना सी कोड असलेल्या टीमला मी आधी तेच बघायला सांगेन. आमचं मात्र पोर्टिंग होऊन गेलंय, कोड दोन्हीवर चालतो, त्यामुळे या वेळी पर्चेसवाले दोन वेंडरना समोरासमोर बसवू शकतात, आणि अँपिअर कंपनी सॉफ्टबँक ६.५ अब्ज डॉलरला घेणार असं मार्च २०२५ मध्ये जाहीर झाल्यापासून तो प्रश्नही बोर्डात विचारला जातोच की पाच वर्षांनी स्पेअर पार्ट कोण देणार. चावी सर्व्हिसची दोन मशीन अजून एक्स८६वरच आहेत. एचएसएमच्या वेंडरचं उत्तरही तेच आहे, रोडमॅपवर आहे.